काढा चालू आहे

"मला दारू सोसत नाही" हे वाक्य आमच्या कोरियातल्या तेगू शहरात पुरुषाच्या तोंडी शोभत नाही. बाई म्हणाली तर चालतं. एखादे आजोबा म्हणाले तर "आता म्हणतात, पण ऐन उमेदीत काय प्यायचे!" अशी पुस्ती जोडून लोक चालवून घेतात. पण मी प्यो इनसू, वय एकतीस, सैन्यातली सक्तीची वर्षं रीतसर भरलेला, नुकतंच लग्न झालेला, अंगानं बेताचा पण आवाजानं भारदस्त. मी तसं म्हणणं म्हणजे हलवायानं साखरेचा वास सोसत नाही म्हणण्यासारखं होतं.

वस्तुस्थिती अशी, की सोजू या आमच्या कडक दारूचा एक पेला पोटात गेला की मी आधी कानापासून लाल होतो, मग मानेपर्यंत उतरतो, आणि दुसऱ्या पेल्याला छातीत कुणीतरी ढोल बडवायला घेतं. डॉक्टर म्हणतात, ही शरीराची ठेवण आहे, सवयीनं जात नाही. आमचे विभागप्रमुख मॅंग साहेब म्हणतात, सवयीनं सगळं जातं. माझी बढती डॉक्टरांच्या हातात नसल्यामुळे मी बरीच वर्षं मॅंग साहेबांचं ऐकलं.

आमची कंपनी भाताच्या कुकरच्या झाकणाला लागणारी रबरी रिंग बनवते. आतली वाफ बाहेर जाऊ द्यायची नाही, हा आमचा धंदा. त्या धंद्यात कंपनीनं नाव कमावलंय. मात्र ऑफिसातली बातमी आत कोंडून ठेवेल अशी रिंग आमच्या कारखान्यात अजून निघालेली नाही, आणि माझी सगळी फजिती त्या एका उणिवेपायी झाली.

तर वसंतातल्या एका संध्याकाळी ऑफिसची जेवणावळ होती. जाळीवर डुकराचं मांस चुरचुरत होतं, आणि मॅंग साहेब बाटली मनगटात गरागरा फिरवत टेबलामागून टेबल घेत माझ्याकडे येत होते. मॅंग साहेब म्हणजे मान नसलेला, खांद्यावर थेट डोकं बसवलेला माणूस. प्रेमळ आहेत. पण त्यांचं प्रेम बाटलीतूनच बाहेर पडतं. पेला माझ्या नाकासमोर आला आणि मी, कुठून बुद्धी झाली कोण जाणे, दोन्ही हात जोडून म्हणालो, "साहेब, आज माफ करा. काढा चालू आहे."

 आमच्याकडे देव, सैन्य आणि वैद्याचा काढा या गोष्टींपुढे माणूस आवाज चढवत नाही. मुळ्या-साली रात्रभर उकळून वैद्य तो काढा पाकिटांत भरून देतो, आणि त्यावर दारूचा थेंब पडला तर सगळा गुण पाण्यात जातो, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मॅंग साहेबांचा हात थांबला.

"काढा? कसला रे काढा?"

इथे मी कमी पडलो. 'पचनाचा' म्हणायचं होतं. 'सर्दीचा' म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण थाप मारण्याची सवय नसल्यामुळे मी तिचा पुढचा भाग तयार करून आणला नव्हता. मी घुटमळलो. तेवढ्यात साहेबांची नजर माझ्या बोटातल्या अंगठीवर गेली.

"लग्नाला किती महिने झाले तुझ्या?"

"सात, साहेब."

"हं," साहेब म्हणाले.

त्या 'हं'मध्ये सहानुभूती होती, वडीलधारी माया होती, आणि माझ्या अब्रूची पूर्ण राखरांगोळी होती. त्यांनी माझ्या पाठीवर हलकेच थोपटलं, जसं आजारी बैलाला थोपटतात, आणि बाटली शेजारी वळवली. "ब्योन! तुझ्या दादाचा पेला आजपासून तू घ्यायचा."

ब्योन हा आमच्यातला सगळ्यात तरुण. नौदलाच्या कमांडो तुकडीतून आलेला, खांदे कपाटासारखे आणि चेहरा शाळकरी. तो उठला, माझा पेला एका घोटात संपवला आणि रिकामा पेला डोक्यावर पालथा धरून दाखवला. टाळ्या पडल्या. मी त्या रात्री ताठ पावलांनी, कानांच्या मूळ रंगासह घरी गेलो. अब्रूचं काय झालंय ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं.

कळलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. मी नेहमीच्या खानावळीत सुरीनं कापलेल्या जाड नूडल्सचा वाडगा पुढ्यात ओढला, आणि वरून एक हात आला. हिशेब विभागातले ह्वांगबो. पन्नाशी ओलांडलेले सज्जन गृहस्थ, पण ते कुजबुजले की शेजारच्या इमारतीतले लोक मान वळवतात.

"मैदा?" ते कुजबुजले. "काढ्यावर मैदा? वेडा झालास काय? बायकोचा तरी विचार कर!"

खानावळीतल्या बायकांनी माझ्या बायकोचा विचार केलेला मला स्पष्ट दिसला. ह्वांगबोंनी माझा वाडगा स्वतःकडे घेतला आणि मला साधा भात मागवला. त्या दिवसापासून माझ्या जिभेवर पहारा बसला. काढ्यावर मैदा चालत नाही, डुक्कर चालत नाही, कोंबडी चालत नाही, मुळाही चालत नाही, आणि कोबीबद्दल मतभेद होते. सबंध विभाग मांस भाजून खाई आणि मी पालकाची जुडी चघळत त्यांच्याकडे बघत बसे. लोक म्हणत, "बघा, किती मनावर घेतलंय!" निश्चयी माणूस म्हणून माझं नाव झालं. निश्चय कशाचा, याचाही सगळ्यांनी आपापल्या मनाशी उलगडा केला होता.

मग एके सकाळी मॅंग साहेबांनी मला खोलीत बोलावलं. दार लावलं. पडदे ओढले. इतकं करून ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"ते... कुणाकडचं आहे रे?"

"काय, साहेब?"

"काढा रे! म्हणजे मला नकोय. आमचा एक मित्र आहे, त्याच्यासाठी विचारतोय. एक पाकीट आण उद्या. नुसतं बघायला."

आता आली का पंचाईत? पण मी खचणाऱ्यातला नाही. माझ्या आईनं गावाहून नाशपाती आणि दोराजी या औषधी रोपाच्या मुळ्यांचा रस पाठवला होता, घसा बसू नये म्हणून. आमच्याकडे तोही तसाच पाकिटांत भरून मिळतो. रात्री मी पाकिटावरचं नाशपातीचं चित्र नखानं खरवडून काढलं आणि सकाळी ते साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी 'नुसतं बघताबघता' ते फोडून प्यायलं.

"कडू नाही रे!"

"जुने वैद्य आहेत, साहेब. जिभेला त्रास देत नाहीत."

"नाशपातीचा वास येतो."

"मूळ वास मारायला घालतात. मूळ वास फार... जनावराचा असतो."

साहेबांचे डोळे लकाकले. माझ्या तोंडून इतकी सफाईदार उत्तरं बाहेर पडत होती, की मलाच माझा अभिमान वाटला. संध्याकाळपर्यंत आईनं पाठवलेलं सबंध खोकं साहेबांच्या गाडीच्या डिकीत गेलं. आणि आठवड्याभरात मॅंग साहेब लिफ्ट सोडून जिना चढू लागले. नुसते चढत नव्हते, शीळ घालत चढत होते. मला जिन्यात गाठून म्हणाले, "बायको विचारते, तुम्हाला झालंय तरी काय! आं? आं?" प्रत्येक 'आं'ला त्यांचं कोपर माझ्या बरगडीत शिरत होतं.

इथवर ठीक होतं. पण ह्वांगबोंची बायको आणि माझ्या सासूबाई एकाच सार्वजनिक न्हाणीघरात अंग घासून घ्यायला जातात, ही गोष्ट मला कुणी लग्नाआधी सांगितली नव्हती.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात सासूबाई. एका हातात काळ्या बोकडाच्या अर्काचं खोकं, दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेली पिशवी, आणि पिशवीत जिवंत ईल मासे वळवळतायत.

"आई, कुणाला काय झालंय?" माझी बायको यॉनजू म्हणाली.

"तू जरा आत जा," सासूबाई तिला म्हणाल्या आणि माझ्यासमोर गुडघ्यावर बसल्या. त्यांचा आवाज इतका मृदू होता, की मला आधी वाटलं कुणी वारलंय. "जावईबापू, यात लाजायचं काही नाही हो. हल्ली कामाचा ताणच तसा आहे. तुमचे सासरेसुद्धा, लग्नानंतर पहिलं वर्षभर—"

"आई!!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"बरं, नाही सांगत. पण बोकडानं फरक पडला एवढं खरं. आणि ईलची शेपटी तेवढी दुसऱ्या कुणाला देऊ नका, सगळा जोर तिथे असतो."

त्या गेल्यावर यॉनजूनं माझ्याकडून सगळी हकिगत ऐकली. आधी ती इतकी हसली की तिला उचकी लागली. मग एकदम थांबली.

"म्हणजे सगळ्या न्हाणीघरात माझ्या संसाराची चर्चा चाललीय?"

"तसं स्वच्छ ठिकाण आहे ते."

"इनसू! अरे, सरळ सांगून टाक ना, मला दारू सोसत नाही म्हणून. त्यात काय एवढं?"

"तू पुरुष नाहीस, तुला ते कळायचं नाही."

"नशीब माझं," ती म्हणाली आणि ईलची पिशवी माझ्या मांडीवर ठेवून निघून गेली.

बोकडाच्या अर्काचं खोकं लिफ्टमध्ये कुणीतरी पाहिलं असावं. कारण सोमवारी आमच्या मजल्यावरचे तायक्वांदोचे निवृत्त मास्तर लिफ्टमध्ये शिरले, दार बंद झालं, आणि ते समोर बघत म्हणाले, "कंबर."

"काय म्हणालात, मास्तर?"

"सगळं कंबरेत असतं. पाय फाका. गुडघे वाकवा. अजून. अजून! पोट आत. हं, असं रोज उभं राहायचं. आणि पहाटे टेकडीवर अनवाणी. औषधानं काही होत नसतं, जमिनीतून जोर वर आला पाहिजे."

लिफ्टचं दार तळमजल्यावर उघडलं तेव्हा मी घोड्यावर बसल्यासारखा उभा होतो आणि समोर पोरांना पाळणाघराच्या बसवर सोडायला निघालेल्या आया होत्या. मी मान लववून सगळ्यांना सुप्रभात म्हटलं. तशा अवस्थेत सुद्धा माझं सभ्यतेचं भान सुटत नाही, हे नमूद करायला हवं.

कामाच्या ठिकाणी तोवर प्रकरण प्रशासकीय पातळीवर गेलं होतं. मनुष्यबळ विभागातल्या नो बाईंनी मला बोलावून सांगितलं, की सलग जेवणावळींना जो माणूस पेला नाकारतो, त्याची नोंद 'सहकाऱ्यांशी एकोप्याचा अभाव' या सदरात होते. आजारपण असेल तर सूट आहे. पण तसा दाखला हवा, आणि दाखल्यात कारण हवं.

"कारण म्हणजे... कारणच?"

"स्पष्ट अक्षरात," नो बाई म्हणाल्या आणि लाजून दुसरीकडे बघू लागल्या.

म्हणून मला खरा वैद्य शोधावा लागला. वनौषधींच्या बाजारामागच्या गल्लीत साकोंग नावाच्या वैद्यबाईंचा दवाखाना आहे. पुरुष वैद्याकडे ओळखीचं कुणी भेटेल या भीतीनं मी बाई निवडली, आणि बसल्यावर लक्षात आलं की आता सगळं बाईला सांगायचंय. साकोंगबाई साठीच्या, चष्मा कपाळावर, स्वभाव सरळसोट. त्यांनी माझी दोन्ही मनगटं धरली, जीभ बघितली.

"काय होतंय?"

"काही नाही."

"मग?"

"काढा हवाय."

"कशासाठी?"

"दारू पिऊ नये म्हणून."

"सुटत नाही का?"

"सुरूच होत नाही हो, बाई."

साकोंगबाईंनी पेन खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं. जाळीवरच्या मांसापासून लिफ्टमधल्या घोड्यापर्यंत. मधे एकदा त्या खोकल्या, पण तो खोकला नव्हता असा माझा संशय आहे. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही ठणठणीत आहात. ठणठणीत माणसाला मी काढा देत नाही. दाखला देते." आणि त्यांनी लिहिलं: प्रकृती उत्तम. मद्य सोसत नाही. घेऊ नये.

नो बाईंनी तो दाखला वाचला, दोनदा वाचला, आणि त्यांचा आवाज भरून आला. "किती समजूतदार वैद्य आहेत तुमचे. किती झाकून लिहिलंय!" त्यांनी दाखल्यावर 'खाजगी' असा शिक्का मारला. मी त्यांना सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "नको, नको, मला काही सांगू नका."

मग उन्हाळा आला, परदेशातून कुकरची मागणी वाढली, आणि आनंदाप्रीत्यर्थ दर आठवड्याला जेवणावळ होऊ लागली. मी भाजलेल्या जवाचा चहा पीत सुखात होतो. माझा पेला ब्योनकडे जाई. मग साहेब म्हणत, आता तुझा. मग ह्वांगबो म्हणत, आता आमच्या विभागातर्फे. ब्योन प्रत्येक वेळी पेला डोक्यावर पालथा धरी आणि सगळे टाळ्या वाजवत. मीही वाजवत असे. त्याला हौस आहे असं मला वाटायचं. कपाटाएवढा माणूस, त्याला काय होतंय?

एके दुपारी तो मला मागच्या जिन्यात भेटला. भेटला म्हणजे पायरीवर बसलेला सापडला.

"दादा, तुमच्या वैद्यांचा पत्ता द्याल?"

अशा विनंत्यांची आता मला सवय झाली होती. ऑफिसातले निम्मे पुरुष या ना त्या मित्राच्या नावानं पत्ता विचारून गेले होते. मी अनुभवी रुग्णाच्या गांभीर्यानं घसा साफ केला. "लाजू नकोस, ब्योन. हल्ली कामाचा ताणच तसा—"

"मी लाजत नाहीये, दादा. घाबरलोय."

मी त्याच्याकडे नीट बघितलं. ओठ खडूसारखे पांढरे झाले होते.

"पोटात जळतं. सकाळी उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधार येतो. आणि..." त्यानं आवाज खाली आणला. "शौचाला काळं होतंय. डांबरासारखं."

"कधीपासून? डॉक्टरकडे गेलास?"

"डॉक्टर म्हणाले, दारू सोड, तर?"

"तर सोडायची!"

"मग मी इथे कोण, दादा?" तो अगदी साधेपणानं म्हणाला. "रिंगांची मापं माझ्या लक्षात राहत नाहीत. परदेशी पत्रं मला लिहिता येत नाहीत. मी चार ग्राहक आणले नाहीत. पण जेवायला बसलो की सगळे म्हणतात, ब्योनला बोलवा. तुमचा पेला मात्र मी आवडीनं घ्यायचो. वाटायचं, आजारी माणसाच्या काहीतरी उपयोगी पडतोय."

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो.  इतके दिवस ऑफिस, न्हाणीघर आणि लिफ्ट यांनी मिळून माझी जी अब्रू घेतली होती, ती सगळी एका बाजूला ठेवली तरी त्या क्षणी जे वाटलं त्याची बरोबरी होणार नाही. माझी थाप मी फुकट मारतोय असं समजत होतो. तिचा भार हे पोर पोटात घेत होतं.

"ऊठ," मी म्हणालो.

"सुट्टी टाकायला हवी, साहेबांना विचारून—"

"ऊठ म्हणतो ना!"

साकोंगबाईंनी त्याचं मनगट धरलं, पापणी खाली ओढून बघितली, शौचाचा रंग विचारला आणि हात काढून घेतला. "इथे नाही. मोठ्या रुग्णालयात, आत्ताच्या आत्ता. टॅक्सी बोलवा. याला चालवू नका." ब्योन म्हणाला, "बाई, नुसता काढा दिलात तरी..." तर त्या अशा काही ओरडल्या, की नौदलाचा तो गडी दोन्ही हात मांड्यांवर ठेवून शिस्तीत बसला.

पोटात व्रण होता आणि त्यातून रक्त वाहत होतं. डॉक्टरांनी दुर्बीण घालून ते बंद केलं, बाहेरून रक्त चढवलं आणि आम्हाला सांगितलं, की आणखी एखादी जेवणावळ याला झेपली नसती.

दुसऱ्या दिवशी मॅंग साहेब आणि ह्वांगबो बघायला आले. ब्योनची आई सकाळीच गावाहून आली होती, लहानखुरी बाई, पलंगाच्या कडेला बसून त्याची पावलं चोळत होती. साहेबांना बघून ब्योन उठायला लागला, तिनं एका हातानं त्याला परत झोपवलं.

"अरे, कमांडो ना तू!" साहेब गरजले. त्यांना काळजी वाटली की ते गरजतात. "दुखत होतं तर सांगायचं नाही? मी काय खातो तुला?"

ब्योन छताकडे बघत म्हणाला, "तुम्ही कधी विचारलं नाहीत, साहेब. तुम्ही ओतलंत."

 मी उभा राहिलो. हे बोलायची माझी पाळी होती, आणि सांगायला आनंद वाटतो की आवाज भारदस्तच लागला. "आणि मी त्याला माझ्या वाटणीचं दिलं. साहेब, मला काही झालेलं नाही. कधीच नव्हतं. काढाबिढा काही चालू नाही. मला दारू सोसत नाही, एवढंच. एका पेल्यात छाती धडधडते. ते सांगायची लाज वाटली, म्हणून थाप मारली."

सगळ्यात आधी ब्योनची आई बोलली. "मग माझ्या मुलाला तरी सांगायचं होतंत. तोही तुमच्याबरोबर चहा प्यायला असता."

 मी खाली वाकून तिची माफी मागितली. तिनं मान हलवली आणि पुन्हा मुलाची पावलं चोळू लागली.

मॅंग साहेब हळूच स्टुलावर बसले. "आणि ती पाकिटं?"

"नाशपातीचा रस होता, साहेब. आईनं घशासाठी पाठवलेला."

"नुसता नाशपातीचा?"

"दोराजीच्या मुळ्या होत्या थोड्या. त्यानं कफ सुटतो."

साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. आता भडका उडणार म्हणून मी तयारीत राहिलो. पण त्यांचा काहीतरी हिशेब चालला होता.

"म्हणजे मग... तो जिना वगैरे? आणि ते... बाकीचं?"

"तुमचंच असणार, साहेब."

"माझंच!" साहेब उठले. पँट वर ओढली. खिडकीपाशी जाऊन बाहेरच्या डोंगराकडे, जणू तोही त्यांनीच उभा केलाय अशा नजरेनं, बघत राहिले. माझी थाप त्यांनी तिथल्या तिथे माफ केली असावी, कारण तिच्यातून त्यांचा एवढा फायदा झाला होता. ह्वांगबो मात्र माझ्या कानाशी येऊन, सबंध वॉर्डाला ऐकू जाईल असं कुजबुजले, "म्हणजे तू उपचारच घेत नाहीयेस? अरे, असं अंगावर काढू नये!"

साहेब खिडकीपासून वळले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. त्यांनी पांघरुणावरून ब्योनच्या पायावर हात ठेवला. "माझे वडील असेच गेले," ते म्हणाले. "त्यांनाही काळं होत होतं. कुणाला बोलले नाहीत. आमच्याकडे अजून सगळे कौतुकानं सांगतात, शेवटपर्यंत हूं की चूं केलं नाही म्हणून. मीही सांगतो." मग म्हणाले, "मी वीस वर्षांचा होतो तेव्हा. त्यांनी हूं केलं असतं तर बरं झालं असतं रे."

त्यांचा आवाज गरजला नाही. तो तसा ऐकायची आम्हाला सवय नव्हती, त्यामुळे आम्ही सगळे सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिलो.

ब्योन कामावर आला तेव्हा पानं पिवळी पडायला लागली होती. त्याच्यासाठी जेवणावळ ठरली. जाळी तापली, मांस चुरचुरलं, मी कुणाच्या परवानगीशिवाय त्यातला चांगला मोठा तुकडा ताटात घेतला. मॅंग साहेब उठले. सवयीनं बाटली हातात घेतली, मनगटात फिरवली, आणि मधेच थांबले. बाटली खाली ठेवली. घसा खाकरला.

"कुणाला काय हवंय?"

कंपनी उभी राहिल्यापासून हा प्रश्न कुणी कुणाला विचारला नव्हता. चाळिशी-पन्नाशीचे बाप्ये एकमेकांकडे असे बघायला लागले, जणू न शिकवलेल्या धड्यावर प्रश्न आलाय. काहींना सोजू हवी होती, पण तीही मागून घ्यायची म्हटल्यावर त्यांना शब्द फुटेना.

"मला जवाचा चहा," मी खणखणीत आवाजात म्हणालो. "दारू मला सोसत नाही."

छत कोसळलं नाही. ब्योननं कोमट पाणी मागितलं. मग एकदोघांनी सोजू मागितली, ती त्यांना मिळाली. आणि मग टेबलाच्या टोकाला ह्वांगबो काहीतरी पुटपुटले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं बोलणं कुणाला ऐकू आलं नाही.

"काय म्हणालात?" साहेबांनी विचारलं.

ह्वांगबो माझ्यापेक्षाही लाल झाले होते, आणि तेही एक थेंब न पिता. "केळ्याचं दूध," ते म्हणाले. "मला... ते आवडतं."

खानावळीच्या मालकीणबाई वही-पेन्सिल घेऊन उभ्या होत्या. "बारक्या पोरांसाठी ठेवते, ते? छोट्या बाटलीतलं?"

ह्वांगबोंनी मान खाली घातली. टेबलावर कुठूनतरी हसण्याची सुरुवात होणार असं वाटलं. मॅंग साहेबांनी सगळ्यांवरून एक नजर फिरवली आणि टेबलावर मूठ आपटली.

"छोट्या बाटलीतलं कसलं! मोठ्या पेल्यात काठोकाठ ओतून आणा, बाई. पुरुषमाणूस पिणार आहे!"